कावळ्याने खाल्लेली पाकळी

माझ्या हातात कला आहे, असं कुंभकोणमच्या मेलकावेरीतली आमची अख्खी गल्ली चार वर्षं म्हणत होती. लग्नानंतर तंजावरला सासरची माणसंही म्हणायला लागली. मी ऐकून घ्यायचे, आणि वर लाजल्यासारखं करून मान खाली घालायचे. आता वय झालं, कुणाची भीती उरली नाही, म्हणून सांगते : माझ्या हातात कला-बिला काही नाही. ताट पालथं घातल्याशिवाय मला धड गोल काढता येत नाही.

आमचं घराणं मराठी. पूर्वज कधीकाळी तंजावरच्या दरबारात होते म्हणे. आमच्या वाट्याला त्यातलं फक्त बोलणं आलं. घरात जुनी मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ, असा आमचा कारभार. पुण्याकडच्या पाहुण्यांना आमचं बोलणं ऐकून हसू फुटायचं आणि मला त्यांचा भयंकर राग यायचा. असो. इथे मी सगळ्यांना कळेल अशीच लिहिते.

दारात रांगोळी पडल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरू होत नसे. घरात आम्ही तिला रांगोळी म्हणायचो, गल्लीत कोलम. तिकडे ती तांदळाच्या पिठाची काढतात, म्हणजे मुंग्यांचंही पोट भरतं. उजाडता उजाडता सडा घालून आई वाकायची, आणि ती कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची तेव्हा दारात काहीतरी नवीन असायचं. बाकीच्या बायका आज कमळ, उद्या पाळणा, परवा पुन्हा कमळ, असं काढायच्या. आईचे नमुने स्वयंपाकघरातून यायचे.

भेंडी आडवी चिरली की पाच कोनांची चांदणी दिसते, ती दुसऱ्या दिवशी दारात. केळीच्या गाभ्याच्या चकत्या करताना तंतू निघतात, ते बोटाला गुंडाळत गुंडाळत चिरावं लागतं. त्या चकतीत वलयात वलय असतं. आई मध्येच थांबून एखादी चकती खिडकीच्या उजेडात धरायची. कॉफीच्या पितळी गाळणीची भोकांची चकती, परडीत वेटोळं करून ठेवलेला जाईचा गजरा, पानाच्या चंचीत एकावर एक रचलेली कोवळी विड्याची पानं. तिच्या नजरेला काही वर्ज्य नव्हतं. एकदा तर आमटी उतू गेली आणि चुलीच्या कडेला तिचे ओघळ वाळले. मी फडकं घेऊन धावले तर मलाच दटावलं, "थांब गे, बघूं दे जरा."

वडील शाळेत गणित शिकवायचे. शाळेला निघताना ते रांगोळीला वळसा घालायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "ही काय बरं? कालची चकली?" आई दाराआडून म्हणायची, "छे." मग ते चपला हातात घेऊन पुन्हा एक वळसा. "मग जाईचा गजरा!" ओळखलं की ती काही बोलायची नाही. आत जाऊन भांडी उगाच मोठ्याने आपटायची. भांडी आपटली की वडील हसत शाळेत जायचे. रोजचा खेळ होता तो. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असा खेळ असतो.

मी बारा वर्षांची असताना वडील तापाने गेले. अकरा दिवस ताप होता. बाराव्या दिवशी उतरला म्हणून आम्ही निजलो, आणि सकाळी ते नव्हते.

तेरा दिवस दारात रांगोळी नव्हती. तो रिवाजच आहे तिकडचा. दार कोरडं दिसलं की येणारा-जाणारा समजतो, ह्या घरात कुणी गेलं. तेराव्याला पुन्हा पीठ पडतं आणि घर माणसांत येतं. आमच्या तेराव्याला मला वाटलं, आता आई वाकेल. आईने पिठाची वाटी आणली आणि माझ्या हातात ठेवली. विधवेने दारात रांगोळी घालायची नसते. तिला कुणी अडवलं नव्हतं, माझा मामा आमच्याकडे राहायला आला होता तो तर बिचारा गरीब गाय. पितळी भांड्यांवर नावं कोरायचं त्याचं काम, मान वर करून बोलायचा नाही. आईनेच तो नियम स्वतःला घालून घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाली, "तूंच घाल आतां."

मी घातली. कुत्रं लोळून गेल्यासारखी दिसत होती. मी पीठ जाडं आहे म्हणून कुरकुरले, अंगणात खड्डे आहेत म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. खरं म्हणजे मला रडायचं होतं आणि चिडायला काहीतरी हवं होतं. वर्षश्राद्धापर्यंत तसंही दारात मोठं काही काढायचं नव्हतं, चार ठिपके आणि भोवती रेघ एवढ्यावर भागलं. आई दाराआडून बघायची. काही म्हणायची नाही. मला ते तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

वर्ष सरलं, उन्हाळा आला, आणि आईने वडाम घालायला काढले. वडाम म्हणजे तुमच्या कुरडया-सांडग्यांचे भाऊबंद. तांदळाचं पीठ, मिरची, हिंग घालून शिजवायचं, गरम असतानाच कपड्यावर पळीने ठिपके घालायचे, आणि कडक उन्हात वाळवायचे. वाळले की कपड्याला मागून पाण्याचा हबका मारला की सुटून येतात. कपडा म्हणून आईने वडिलांचं जुनं धोतर गच्चीवर पसरलं. मला राखणीला बसवलं, कावळे फार. मी अर्थातच सावलीला भिंतीशी बसले आणि पेंगले.

जागी झाले तेव्हा कावळ्यांनी आपलं काम केलं होतं. उठून बघते तर आईने वडाम रांगेत घातलेच नव्हते. धोतराच्या मधोमध एक मोठा गोल, आणि त्याच्याभोवती पाकळ्या, प्रत्येक पाकळी पाच-सहा वडामांची. आठ पाकळ्यांचं फूल. त्यातली एक पाकळी कावळ्यांनी साफ खाल्ली होती, खाली नुसतं ओलं धोतर. मी मार चुकवायला काही न बोलता खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ घेऊन दारात बसले आणि काय काढावं सुचेना. तेवढ्यात गच्ची आठवली. मधोमध गोल, भोवती पाकळ्या. मी जसंच्या तसं उतरवलं. इतकं जसंच्या तसं की सात पाकळ्या काढल्या आणि आठवीची जागा मोकळी सोडली. मला काय माहीत ती सोडायची नसते! मी पाहिलं तेच काढलं.

आता गंमत ऐका. समोरच्या घरात एक म्हातारी राहायची, तिला सगळी गल्ली पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. ती काठी टेकत आली, रांगोळी बघितली, मान डोलवली आणि गेली. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत चार दारांत सात पाकळ्यांची फुलं, आणि चारही ठिकाणी एक जागा मोकळी! कुणीतरी म्हणालं तंजावरची नवी पद्धत आहे, मोकळ्या जागेतून लक्ष्मी आत येते. मी आईला ओढत दाराशी आणलं आणि चारही घरं दाखवली. आईने एक बघितलं, दुसरं बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. "कावळ्यान् खाल्ली ती गे!" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून जी हसायला लागली की भिंतीला धरून खाली बसली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. मीही हसले, आणि हसता हसता मला कसंतरीच झालं, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. आई "हे काढ" असं कधी म्हणाली नाही. एकदाही नाही. पण माझ्या वाटेत वस्तू पडायला लागल्या. सुपात हरभरे पसरलेले असायचे, त्यांत बोटाने ओढलेली वेल. चिरलेली भेंडी ताटात ढिगाने नसायची, चांदण्यांची माळ करून मांडलेली असायची. जेवताना केळीच्या पानावर मीठ, लोणचं, कोशिंबीर अशा जागी यायचं की पान संपवावंसं वाटू नये. उन्हाळ्यात गच्चीवर वडाम. मी बघायचे, लक्षात ठेवायचे, सकाळी दारात उतरवायचे. माझ्या हाताला तेवढं जमायला लागलं, नक्कल करायला कला लागत नाही. आणि आई दाराआड उभी राहायची. आता मला कळतं ती कशाची वाट बघायची. वळसा घालून "ही काय बरं? भेंडी?" असं विचारणारं कुणीतरी तिला हवं होतं. मला ओळखता यायचं, सगळं ओळखता यायचं. मी तोंड उघडलं नाही. ओळखलं म्हणून सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं की ही तुझी आहे.

कारण तोवर माझं नाव झालं होतं. बायका मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या दारावरून जायच्या. "मास्तरांच्या मुलीचा हात बघा!" मला गोड लागायला लागलं ते. आयत्या बिळावर नागोबा, तसा माझा प्रकार. स्वतःला समजावलं, आईला तरी कुठे दारात येता येतं? तिचं नाव घेऊन उपयोग काय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

सतराव्या वर्षी मला बघायला तंजावरहून मराठी घरची माणसं आली. त्या दिवशी दारात कॉफीच्या गाळणीची चकती होती, आदल्या संध्याकाळी आईने ती घासून खिडकीत उभी करून ठेवली होती, उन्हात. होणाऱ्या सासूबाई उंबऱ्याशी थांबल्या. खाली वाकून बघितलं. "कुणीं काढली ही?"

"मी," मी म्हणाले.

आई स्वयंपाकघरात होती. विधवा बाई अशा वेळी पुढे येत नाही. आत पळी फिरत होती ती थांबली. मग पुन्हा फिरायला लागली. एवढंच. सासूबाई मामाला म्हणाल्या, अशा हाताची सून मिळाली तर आमचं दार उजळेल. लग्न त्या रांगोळीवर ठरलं म्हटलं तरी चालेल.

माणसं गेल्यावर मी आईवरच खेकसले. "मग काय म्हणायला हवं होतं मी?"

"मी कांही म्हटलें का गे?" आई म्हणाली. "बरें झालें." आणि शिऱ्याचं पातेलं खरवडत बसली. खाई त्याला खवखवे. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि तो रागही मी तिच्यावरच काढला, दोन दिवस अबोला धरून.

लग्नात आई मागच्या खोलीत बसून होती. मी सासरी गेले आणि महिन्याभरात माझी शिदोरी संपली. जे आठवत होतं ते सगळं काढून झालं. सासूबाई दुष्ट नव्हत्या, पण त्यांना हौस दांडगी. रोज सकाळी येऊन उभ्या राहायच्या. "पुन्हा भेंडी?" म्हणायच्या. मी म्हणायचे बोट दुखतंय. त्या घरातही स्वयंपाकघर होतं, भेंड्या होत्या, गाळणी होती. मी चकत्या उजेडात धरून बघायचे आणि मला नुसती भाजी दिसायची.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ठरवून गेले होते, सांगायचं. निघायच्या दिवशी सकाळी आई केळीचा गाभा चिरत होती, मी शेजारी बसले. तिने एक चकती उचलली, खिडकीकडे धरली, आणि माझ्याकडे बघितलं. मी बघितली ती चकती. वलयात वलय, आणि मधे तिच्या बोटाची सावली. आणि मी काय म्हणाले? "आवर लवकर, गाडीची वेळ झाली." देवा, काय जीभ दिलीस मला!

मार्गळी महिना आला. तिकडे त्या महिन्यात रोज थंडीत उठून दारात मोठाल्या रांगोळ्या काढतात, वर शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. सगळी गल्ली चढाओढीने काढत असते. माझी पाळी म्हणजे रोजची परीक्षा. माझी अडचण आईला कशी कळली कोण जाणे, मी कधी लिहिली नव्हती. मामाच्या ओळखीचा एक माणूस तंजावरला यायचा, त्याच्या हाती तिने डबा पाठवला. उघडला तर वडाम आणि चकल्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं, चुरा झालेला. आठवड्याने दुसरा डबा, तोही तसाच. तिसऱ्या डब्याच्या तळाशी एक थर शाबूत राहिला होता. वडामांचं एक वर्तुळ आणि मधे पाच चकल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती थराथराला नमुने मांडून पाठवत होती, आणि गाडीच्या धक्क्यांनी सगळं विस्कटत होतं.

तिला कागदावर काढता येत नसे. पेन्सिल तिच्या हातात लाकडासारखी व्हायची. चिमटीत पीठ, नाहीतर पळी, एवढंच तिच्या हाताला कळायचं. हे मला ठाऊक होतं. आणि तरी त्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी शेजारणीच्या सुनेची रांगोळी वाखाणली होती म्हणून, माझा जळफळाट झाला होता म्हणून, मी कार्ड घेतलं आणि लिहिलं : "डबे विस्कटून येतात. काही उपयोग होत नाही. पुन्हा पाठवू नये." आईला वाचता येत नव्हतं. मामा वाचून दाखवायचा. त्याचा तो मवाळ आवाज आणि माझी ती तीन वाक्यं, हे आजही मनात आलं की मी जिथे असेन तिथे उठून उभी राहते.

पुन्हा डबा आला नाही.

चैत्रात तार आली, आई आजारी, निघून ये. दुपारच्या गाडीने निघाले. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. टोपल्या घेऊन बायका चढल्या, टोपल्यांत केळफुलं होती. एकाचं जांभळं साल उलटलं होतं आणि आत फण्यांची ओळ दिसत होती, एकीला चिकटून एक. इतकी वर्षं जे दिसत नव्हतं ते त्या क्षणी लख्ख दिसलं, सबंध रांगोळी दिसली. मला माझ्या डोळ्यांचा संताप आला. आत्ता कशाला दिसायचं होतं!

माझ्या लग्नानंतर आमच्या दारात पाट्टीची सून रोज चार रेघा ओढून जायची. गल्लीच्या तोंडाशी आले आणि लांबूनच बघितलं. सगळ्या दारांत रांगोळी होती. आमचं दार कोरडं होतं. मला पुढे कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मी पोचायच्या आत तिला नेलं होतं. मामा कोपऱ्यात बसला होता, त्याने सांगितलं ते एवढंच : आई गच्चीवर वडाम घालत होती, उन्हाची भोवळ आली, खाली येऊन पडली. ताप भरला तो उतरला नाही. तिसऱ्या दिवशी गेली. मी रडले नाही. मी त्याला म्हणाले, तू तिला भर उन्हात वर जाऊ कसं दिलंस? तो खाली मान घालून बसून राहिला. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं? तरी मी ओरडले.

दहाव्याला मामा नदीवरून परत आला तो जरा हलका होऊन. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, हाताने बोलवावं लागलं नाही, म्हणाला. आलेल्या बायका म्हणाल्या, पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नाही तिची. माझ्या अंगाची आग झाली. राहिली नाही कशी? त्या कावळ्याला काय कळतंय! मला ठाऊक होतं काय राहिलं ते, एकट्या मला.

बाराव्या दिवशी दुपारी पाट्टी आली. हातात एक डबा आणि घडी केलेलं धोतर. डब्यात वडाम होते. आई पडली तेव्हा वर वाळत राहिलेले, कावळे यायला लागले म्हणून हिनेच काढून ठेवलेले. "आणि हे धोतर," ती तमिळमध्ये म्हणाली, "धुवायला घेतलं तर तिने तापात मला हाताला धरून सांगितलं, धुऊ नका, हे असंच तंजावरला मुलीकडे पाठवा. वडाम नको, धोतर पाठवा. मला वाटलं तापात बरळतेय. धुतलं नाही तरी."

मी धोतर घेऊन गच्चीवर गेले. उन्हात पसरलं. वडिलांचंच ते, काठ विरलेलं. आधी काही दिसलं नाही. मग हात फिरवला. वडाम सुटले तरी खळ मागे राहते, तेवढी जागा कडक होते. बोटांना गोल लागले. दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि फिकट डाग दिसायला लागले, एक एक करून सगळे. मधोमध मोठा गोल. भोवती पाकळ्या. मी मोजल्या. सात होत्या. आठवीची जागा कोरी होती, तिथे बोटाला नुसतं मऊ कापड लागलं.

डबे विस्कटतात म्हणून लिहिलं होतं ना मी. तिने न विस्कटणारी वाट शोधून काढली होती. आणि आठवी पाकळी? ती तिने मुद्दाम सोडली, मला हसवायला, की तिथवर आल्यावर तिला भोवळ आली? पाट्टीला विचारलं तर म्हणाली पातेल्यात पीठ उरलं होतं. त्यावरून काहीच ठरत नाही. हे मला कधी कळलं नाही आणि आता कळायचं नाही. मी त्या धोतरात तोंड खुपसलं आणि तेव्हा रडले. हिंगाचा वास येत होता त्याला.

तेराव्याला सकाळी मी सडा घातला आणि पिठाची वाटी घेऊन दारात वाकले. धोतर उंबऱ्यावर पसरून ठेवलं होतं, लपवलं नाही. गोल काढला, पाकळ्या काढल्या, सात. आठवीची जागा सोडली. रेघा वेड्यावाकड्या आल्या, येऊ दिल्या. मान वर केली तर पाच-सहा बायका उभ्या होत्या. "काय हात आहे हो," त्यातली एक म्हणाली, "दुःखातसुद्धा काय हात!"

मी उठून उभी राहिले. आवाज नको इतका मोठा निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

"हा हात माझा नाही. आईचा आहे. ही तिची, आणि आजवरच्या सगळ्या तिच्या. ती आत मांडून ठेवायची आणि मी बाहेर उतरवायचे. मला काही येत नाही. मी चोरल्या."

एकीने पदर सारखा केला. पाट्टी मात्र काठी टेकत पुढे आली, रांगोळीला वळसा घालून, अगदी वडील घालायचे तसा, आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"माहीत आहे आम्हाला," ती म्हणाली. "आमच्या गच्चीवरून तुमची गच्ची दिसते की. पहिल्याच वर्षी मी तुझ्या आईला म्हटलं होतं, लोकांना खरं सांगून टाक, नाहीतर मी सांगते. तिने माझे हात धरले. म्हणाली, तुम्ही सांगू नका. ती सांगेल आपण होऊन. जरा वेळ लागतो तिला."

वेळ लागला खरा. तेरा दिवस जास्त लागले.